पिंग जातो, पण साइट उघडत नाही: राउटर एकमेकांशी काय बोलतात

प्रश्न थोडक्यात असा आहे: "कॉम्प्युटर इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. आयसीएमपी, एआरपी, डीएचसीपी हे कंट्रोल प्रोटोकॉल आणि ओएसपीएफ, बीजीपी हे राउटिंग प्रोटोकॉल, अशी यादी पाठ आहे. हेडरमधले रकानेही पाठ आहेत. पण इंटर्नशिपला गेलो तिथे शाखेतून सर्व्हरला पिंग जात होता आणि तरी साइट उघडत नव्हती. सगळे माझ्याकडे बघत होते आणि मला काही सुचलं नाही. हे प्रोटोकॉल प्रत्यक्षात मिळून काम कसं करतात?"

गेली बावीस वर्षं मी याच कामात आहे. आधी एका इंटरनेट सेवा कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये रात्रपाळ्या केल्या, आता नेटवर्कची आखणी करतो. तुम्ही सांगितलेला बिघाड मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मला दोन दिवस लागले होते, त्यामुळे न सुचल्याचं वाईट वाटून घेऊ नका. त्या बिघाडाकडे येतोच. पण त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा, कारण पुस्तकातल्या यादीत नेमकी तीच हरवते.

पॅकेटला, म्हणजे नेटवर्कवरून जाणाऱ्या माहितीच्या छोट्या गठ्ठ्याला, रस्ता माहीत नसतो. राउटरलाही पूर्ण रस्ता माहीत असण्याची गरज नसते. गावाकडे अनोळखी ठिकाणी वाट विचारली की माणूस सांगतो, "सरळ जा, पुढं फाट्यावर विचारा." राउटर एवढंच करतो. त्याच्याकडे एक तक्ता असतो: अमुक पत्त्यांसाठी पुढचा शेजारी अमुक. पॅकेट त्या शेजाऱ्याच्या हवाली केलं की त्याचं काम संपलं. ते पोचलं की नाही हे तो बघत नाही, लक्षातही ठेवत नाही. मग दोन प्रश्न उरतात. फाट्यावरच्या माणसाला वाट कुणी सांगितली? आणि वाटेत काही बिनसलं तर पाठवणाऱ्याला निरोप कोण देणार? पहिल्याचं उत्तर राउटिंग प्रोटोकॉल, दुसऱ्याचं कंट्रोल प्रोटोकॉल. दोन्हीकडे चाललेलं असतं ते निरोपांचं काम: एक यंत्र दुसऱ्याला काहीतरी सांगतं आणि दुसरं त्यावर बहुतेक वेळा डोळे झाकून विश्वास ठेवतं. नेटवर्कचा बिघाड शोधायचा म्हणजे कुठला निरोप पोचला नाही किंवा कुठला खोटा होता, हे शोधायचं.

आता ती शाखा. मी पाहिलेल्या प्रकरणात जिल्ह्याच्या ठिकाणी मुख्य कार्यालय, तालुक्याला शाखा आणि मधे जीआरई टनेल, म्हणजे एका पॅकेटच्या पोटात दुसरं घालून नेणारी आभासी वाट, असा मामला होता. साध्या इथरनेटवर १५०० बाइटपर्यंतचं पॅकेट जातं. टनेलमधून नेताना त्याच पॅकेटवर आणखी एक वेष्टण चढतं, २० बाइटचं नवं आयपी हेडर आणि ४ बाइटचं जीआरईचं. त्यामुळे आत मावणारं पॅकेट १४७६ बाइटचंच. शाखेतून पिंग केला, म्हणजे 'आहेस का?' असं विचारणारं पॅकेट पाठवलं, तर विंडोज त्यात ३२ बाइट मजकूर घालतं, ते चिमुकलं पॅकेट आरामात जातं. टीसीपीची, म्हणजे मजकूर खात्रीनं पोचवणाऱ्या प्रोटोकॉलची, जोडणीही होते, कारण तिची पहिली तीन पॅकेटंही लहानच. सर्व्हरनं पानाचा मजकूर पाठवायला घेतला की मात्र सगळं थिजतं आणि स्क्रीनवर गोल फिरत राहतं.

घडत होतं ते असं. सर्व्हर भरलेली १५०० बाइटची पॅकेटं पाठवत होता आणि त्यांच्यावर 'तुकडे करू नयेत' ही खूण, म्हणजे डीएफ बिट, लावलेली होती. आजकालचे जवळजवळ सगळे सर्व्हर ती लावतात. मुख्य कार्यालयातल्या टनेलच्या राउटरला ते पॅकेट आत घालता येईना आणि तोडण्याची मनाई. नियमाप्रमाणे त्यानं पॅकेट टाकून दिलं आणि सर्व्हरला आयसीएमपीचा, म्हणजे वाटेतली अडचण कळवणाऱ्या प्रोटोकॉलचा, निरोप लिहिला: प्रकार ३, कोड ४. त्याचा अर्थ, तुकडे करणं भाग आहे पण तुम्ही मनाई केली आहे, माझ्याकडे १४७६ पर्यंतच मावतं. हा निरोप मिळाला की सर्व्हर आपणहून लहान पॅकेटं पाठवायला लागतो. पण सर्व्हरच्या पुढ्यात फायरवॉल, म्हणजे पॅकेटांची ये-जा गाळणारी चाळणी, होती आणि तिच्यात कुणीतरी सुरक्षेच्या नावाखाली नियम घातला होता: पिंगची ये-जा सोडून बाकी सगळं आयसीएमपी बंद. निरोप दारातच मेला. सर्व्हर पुन्हा पुन्हा तीच पॅकेटं पाठवत राहिला, राउटर पुन्हा पुन्हा तोच निरोप लिहीत राहिला.

सापडलं कसं, तेही सांगतो, कारण हा प्रयोग तुम्हाला आयुष्यभर उपयोगी पडेल. सर्व्हरवर बसलो आणि डीएफ लावून वेगवेगळ्या आकाराचे पिंग पाठवले. १४४८ बाइट मजकुराला उत्तर आलं. १४४९ ला काहीच नाही, नुसता टाइमआउट. १४४८ मध्ये आयपी हेडरचे २० आणि आयसीएमपीचे ८ मिळवा, बरोबर १४७६. मग हाच प्रयोग शाखेतून केला, तर १४४९ ला लगेच स्क्रीनवर आलं की तुकडे करावे लागतील. एका टोकाला नकार आणि दुसऱ्या टोकाला शांतता, या फरकानं फायरवॉलकडे बोट दाखवलं, कारण शाखेच्या बाजूला पीसी आणि राउटर यांच्यामध्ये फायरवॉल नव्हतीच. नियम दुरुस्त करून प्रकार ३ आणि प्रकार ११ चे (त्याबद्दल पुढे सांगतो) निरोप आत येऊ दिले. शिवाय टनेलवर टीसीपीचा एमएसएस, म्हणजे एका पॅकेटमधल्या मजकुराची कमाल मर्यादा, १४३६ वर आणून ठेवला, म्हणजे दोन्ही टोकं जोडणी करतानाच लहान आकार ठरवून घेतात. दुपारी जेवायच्या आत शाखेत पानं उघडायला लागली.

म्हणून आयसीएमपीला 'पिंगचा प्रोटोकॉल' म्हणणं मला खटकतं. जॉन पोस्टेल यांनी सप्टेंबर १९८१ मध्ये आरएफसी ७९२ (आरएफसी म्हणजे इंटरनेटच्या नियमांचा दस्तऐवज) लिहिला तेव्हा तो मुळात आयपीचा निरोप्या म्हणून लिहिला होता. पिंग हे अवजार माइक म्यूस यांनी नंतर, डिसेंबर १९८३ मध्ये, आपल्या नेटवर्कची एक अडचण शोधताना बनवलं. त्या आरएफसीतल्या दोन गोष्टी मला आजही सुंदर वाटतात. एक, चूक कळवणारा निरोप पाठवताना मूळ पॅकेटचं आयपी हेडर आणि त्यापुढचे ८ बाइट सोबत जोडायचे. ८ च का? कारण टीसीपी आणि त्याचा साधा भाऊ यूडीपी यांचे पोर्ट क्रमांक, म्हणजे यंत्रातल्या कुठल्या प्रोग्रॅमशी बोलणं आहे ते सांगणारे आकडे, त्या पहिल्या बाइटांतच असतात, त्यामुळे निरोप मिळणाऱ्याला नेमकी कुठली जोडणी बिघडली ते कळतं. दुसरी, चूक कळवणाऱ्या निरोपात चूक झाली तर तिच्याबद्दल पुन्हा तसा निरोप पाठवायचा नाही. नाहीतर दोन यंत्रं एकमेकांना तक्रारी करतच बसतील. आयपीव्ही६ या आयपीच्या नव्या आवृत्तीत तर मधल्या राउटरला पॅकेटचे तुकडे करायची मुभाच नाही आणि शेजाऱ्याचा पत्ता शोधण्याचं कामही आयसीएमपीव्ही६ कडेच दिलं आहे. तिथे कुणी 'सगळं आयसीएमपी बंद' केलं तर नेटवर्क जागीच थांबतं.

ट्रेसराउट हे याच निरोपांचं दुसरं रूप. प्रत्येक पॅकेटवर टीटीएल नावाचा आकडा असतो, प्रत्येक राउटर तो एकनं कमी करतो आणि शून्य झाला की पॅकेट टाकून 'वेळ संपली' हा प्रकार ११ चा निरोप धाडतो. हेतू हा की चक्रात अडकलेलं पॅकेट कायम फिरत राहू नये. व्हॅन जेकबसन यांनी त्याचा उलटा वापर केला: मुद्दाम टीटीएल १ घालून पॅकेट सोडायचं, पहिला राउटर ओरडतो, मग २, मग ३. कोण ओरडलं ते लिहीत गेलं की वाट दिसते. पण यात नवशिके दोन ठिकाणी हमखास फसतात. मधल्या एखाद्या ओळीत तारे दिसले आणि पुढच्या ओळी नीट आल्या, तर तिथे बिघाड नाही. त्या राउटरनं असे निरोप लिहायला मर्यादा घातली आहे, इतकंच. आणि दिसते ती फक्त जाण्याची वाट. परतीची वाट वेगळी असू शकते, मोठ्या नेटवर्कमध्ये बहुधा असतेच. मी नेहमी दोन्ही टोकांकडून ट्रेसराउट मागवतो, एका टोकाच्या निकालावर मत देत नाही.

एआरपी आणि डीएचसीपी यांच्यावर फार वेळ घालवत नाही, तुम्हाला ते येतं. एवढंच लक्षात ठेवा की पॅकेट शेवटी कुठल्यातरी तारेवरून शेजाऱ्याच्या कार्डापर्यंत जायचं असतं आणि कार्डाला आयपी पत्ता कळत नाही, मॅक पत्ता, म्हणजे कार्डाचा स्वतःचा पत्ता, कळतो. म्हणून एआरपीत यंत्र सगळ्यांना ओरडून विचारतं, "१९२.१६८.१.१ कोण आहे?" आणि जो "मी" म्हणतो त्याचं ऐकतं. ओळखपत्र कुणी मागत नाही. डेव्हिड प्लमर यांनी १९८२ च्या नोव्हेंबरात आरएफसी ८२६ लिहिला तेव्हा एका खोलीतल्या यंत्रांनी एकमेकांवर अविश्वास दाखवण्याचं कारणच नव्हतं. डीएचसीपीचंही तसंच. नवं यंत्र विचारतं, मला पत्ता कोण देईल? जो सर्व्हर आधी बोलेल त्याचा पत्ता ते बहुतेक वेळा घेतं. एका ऑफिसात दर सोमवारी काही जणांचं इंटरनेट बंद पडायचं. एका कर्मचाऱ्यानं घरचा वायफाय राउटर टेबलाखाली उलटा जोडला होता, लॅनच्या पोर्टमध्ये ऑफिसची वायर, आणि तो स्वतःच पत्ते वाटत बसला होता. शनिवार-रविवार बंद राहिलेली यंत्रं सोमवारी पुन्हा पत्ता मागायची, त्यातल्या काहींना आधी तोच भेटायचा. स्विचवर डीएचसीपी स्नूपिंग, म्हणजे परक्या यंत्रानं पत्ते वाटणं अडवणारी सोय, चालू केलं आणि प्रकार थांबला. पत्ता १६९.२५४ नं सुरू होणारा दिसला तर मात्र समजा की कुणीच उत्तर दिलेलं नाही, यंत्रानं स्वतःच स्वतःला पत्ता दिला आहे.

आता फाट्यावरच्या माणसाकडे वळू.

राउटरला वाट कळण्याची सगळ्यात जुनी पद्धत सांगोवांगीची. आरआयपीमध्ये प्रत्येक राउटर दर ३० सेकंदांनी शेजाऱ्यांना आपला तक्ता वाचून दाखवतो: मला अमुक नेटवर्क तीन टप्प्यांवर दिसतं. शेजारी त्यात एक मिळवून स्वतःचं म्हणून पुढे सांगतो. चांगली बातमी अशी भराभर पसरते, वाईट बातमी रखडते. समजा 'क' ची लिंक तुटली, पण 'ख' अजून म्हणतो आहे, "मला ते दोन टप्प्यांवर दिसतं." ते त्याला 'क' कडूनच कळलेलं असतं, हे 'क' ला माहीत नाही. तो म्हणतो, मग मला तीन. 'ख' म्हणतो, मग मला चार. दोघं एकमेकांच्या ऐकीव माहितीवर मोजत राहतात. यावर आरआयपीचा तोडगा म्हणजे १६ ला अनंत मानायचं आणि मोजणं थांबवायचं. मी नव्या नेटवर्कमध्ये आरआयपी घालत नाही, तुम्हीही घालू नका, पण ही गंमत नीट समजून घ्या, कारण पुढचे दोन्ही प्रोटोकॉल याच दुखण्यावरची दोन वेगळी औषधं आहेत.

ओएसपीएफचं औषध असं: निष्कर्ष सांगू नका, फक्त स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं सांगा. प्रत्येक राउटर जाहीर करतो, "माझ्या दाराशी हे हे शेजारी आहेत, या लिंकचा खर्च इतका." ही जाहिरात जशीच्या तशी, अक्षरही न बदलता, त्या एरियातल्या, म्हणजे नेटवर्कच्या त्या भागातल्या, सगळ्यांपर्यंत पोचवली जाते. मग प्रत्येकाकडे एकच नकाशा तयार होतो आणि प्रत्येकजण स्वतः बसून आपल्यापासूनच्या सर्वात स्वस्त वाटा काढतो. ही गणना डाइक्स्ट्रा यांची. १९५६ मध्ये अ‍ॅमस्टरडॅममध्ये एका कॅफेच्या ओट्यावर, कागद-पेन्सिल न घेता, वीस मिनिटांत ती त्यांना सुचली आणि १९५९ मध्ये छापून आली. तेव्हा राउटर ही वस्तूच जगात नव्हती.

पाठांतरात न येणाऱ्या दोन गोष्टी सांगतो. पहिली खर्चाची. बऱ्याच राउटरवर खर्च काढण्याचं मूळ माप १०० एमबीपीएस असतं आणि ते लिंकच्या वेगानं भागतात. १०० एमबीची लिंक, खर्च १. १ जीबीची, १ पेक्षा कमी येतो म्हणून पुन्हा १. १० जीबीची, तरीही १. म्हणजे तुम्ही महागडी १० जीबीची लिंक घेता आणि ओएसपीएफ तिच्यात आणि जुन्या १०० एमबीच्या लिंकमध्ये काही फरक मानत नाही. हे माप सगळ्या राउटरवर एकसारखं वाढवून घ्यावं लागतं. एका ठिकाणी दोघंजण आठवडाभर 'नवी लिंक स्लो आहे' म्हणून सेवा कंपनीशी भांडत होते आणि अर्धी पॅकेटं जुन्याच लिंकवरून जात होती.

दुसरी पुन्हा पॅकेटच्या आकाराची. ओएसपीएफचे शेजारी इथरनेटवर दर १० सेकंदांनी एकमेकांना हॅलो म्हणतात, ४० सेकंद हॅलो आला नाही तर शेजारी मेला असं धरतात. एकदा रात्री दोन वाजता लिंक बदलली, हॅलो दोन्ही बाजूंना दिसत होते, तरी शेजारी 'एक्सस्टार्ट' या अवस्थेतच अडकून बसलेला. तिथून पुढे सरकेना. कारण एका बाजूला एमटीयू, म्हणजे लिंकवर मावणाऱ्या सर्वात मोठ्या पॅकेटचा आकार, १५०० आणि दुसऱ्या बाजूला ९०००. नकाशांची देवाणघेवाण सुरू करताना दोघं आपापला एमटीयू सांगतात आणि समोरच्याचा आपल्यापेक्षा मोठा असेल तर ते पॅकेट नाकारतात. आधी चिडायला होतं, पण विचार केला की पटतं: तुमच्या शाखेत जे दिवसभर कुणाला कळलं नाही, ते ओएसपीएफ इथे पहिल्याच भेटीत बोलून दाखवतो. एक्सस्टार्ट दिसला की मी आधी एमटीयू बघतो, बाकी सगळं नंतर.

हे सगळं एका घराच्या आतलं. एका कंपनीच्या नेटवर्कमध्ये सगळे राउटर एकाच मालकाचे असतात, एकमेकांना नकाशा दाखवायला हरकत नसते. पण इंटरनेट म्हणजे हजारो वेगवेगळ्या मालकांची नेटवर्क. कुणीही दुसऱ्याला आपला आतला नकाशा दाखवणार नाही आणि 'सर्वात जवळची वाट' यावर त्यांचं एकमतही होणार नाही, कारण एकाला पैसे वाचवायचे असतात, दुसऱ्याला प्रतिस्पर्ध्याच्या तारेवरून जायचं नसतं. इथे बीजीपी येतो. जानेवारी १९८९ मध्ये ऑस्टिनला इंजिनिअरांची बैठक चालू असताना कर्क लॉहीड आणि याकोव्ह रेख्टर यांनी जेवणाच्या टेबलावर नॅपकिनवर त्याचा आराखडा मांडला आणि त्याच वर्षी जूनमध्ये आरएफसी ११०५ आला. आज आपण वापरतो तो बीजीपी-४, २००६ च्या आरएफसी ४२७१ मधला, पण गाभा तोच आहे.

प्रत्येक मोठ्या नेटवर्कला त्याची ओळख म्हणून एक एएस (ऑटोनॉमस सिस्टिम) क्रमांक असतो. आपल्याकडे तो भारताच्या आयआरआयएनएन किंवा आशिया-पॅसिफिकच्या एपनिक या नोंदणी संस्थेकडून मिळतो. बीजीपीत राउटर शेजाऱ्याला टीसीपीच्या १७९ क्रमांकाच्या पोर्टवर सांगतो, "या पत्त्यांचा गट माझ्यामार्फत मिळेल, आणि ही बातमी ज्यांच्या ज्यांच्या हातून आली त्यांची ही नावं." नावांची ही माळ म्हणजे एएस पाथ. त्या माळेत स्वतःचा क्रमांक दिसला की राउटर बातमी टाकून देतो, त्यामुळे आरआयपीसारखं मोजत बसावं लागत नाही. पण निवडताना लांबी हा पहिला निकष नाहीच. आधी बघितला जातो लोकल प्रेफरन्स, म्हणजे मालकानं स्वतः लावलेला आकडा, आणि तो बहुधा व्यवहारावरून ठरतो: ज्या वाटेनं ग्राहक पैसे देतो ती आधी, मग बरोबरीच्या पिअरची, आणि ज्याला आपण पैसे देतो त्या अपस्ट्रीमची शेवटी. पुण्यातल्या एका घरातून पुण्यातल्याच दुसऱ्या घरी जाणारं पॅकेट परदेशात जाऊन का येतं, हे मला सारखं विचारतात. त्याचं कारण हेच. दोन कंपन्यांची आपसात पिअरिंग, म्हणजे थेट देवाणघेवाण, नसेल, तर त्यांची भेट जिथे दोघांचे अपस्ट्रीम भेटतात तिथे होते. देशातला ट्रॅफिक देशातच अदलाबदल व्हावा म्हणून २००३ मध्ये निक्सी (नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया) उभी राहिली ती याचसाठी.

बातमी पुढे कुणाला सांगायची याचाही अलिखित नियम आहे. ग्राहकाकडून आलेली वाट सगळ्यांना सांगा. अपस्ट्रीम किंवा पिअरकडून आलेली वाट फक्त आपल्या ग्राहकांना सांगा. प्रोटोकॉल हा नियम पाळायला लावत नाही, तो आपणच फिल्टर लिहून पाळायचा असतो. माझ्या सुरुवातीच्या वर्षांत मी हा फिल्टर लावायचा विसरलो. आमच्याकडे दोन अपस्ट्रीम होते. पहिल्याकडून आलेल्या सगळ्या वाटा मी दुसऱ्याला सांगून बसलो. दुसऱ्याच्या दृष्टीनं आम्ही ग्राहक, आणि ग्राहकाची वाट सर्वात आवडती, म्हणून त्यानं आपला परदेशी ट्रॅफिक आमच्या ३४ एमबीच्या लिंकमध्ये लोटला. चार-पाच मिनिटांत आमचे स्वतःचे ग्राहकही अंधारात गेले, आणि राउटरवर दूरून लॉगिन होईना, कारण तेही त्याच लिंकवरून करायचं होतं. सर्व्हर रूममध्ये धावत जाऊन कन्सोलची वायर लावून सेशन बंद करावं लागलं. त्या दिवसापासून मी नवं बीजीपी सेशन उघडताना आधी दोन्ही दिशांचे फिल्टर लिहितो, कमाल किती वाटा घ्यायच्या याची मर्यादा लावतो, मगच शेजाऱ्याचा पत्ता टाकतो.

जगाच्या पातळीवर हेच कसं घडतं याचं सर्वात स्वच्छ उदाहरण २४ फेब्रुवारी २००८ चं आहे. पाकिस्तानात यूट्यूब बंद करायचा सरकारी आदेश निघाला. यूट्यूबचे पत्ते २०८.६५.१५२.०/२२ या गटात होते (तिरक्या रेघेपुढचा आकडा जितका मोठा तितका गट छोटा). पाकिस्तान टेलिकॉमनं त्यातला २०८.६५.१५३.०/२४ हा छोटा गट आपल्याकडे वळवला, म्हणजे देशातली पॅकेटं तिथे येऊन मरतील. देशापुरतं ते चाललं असतं. पण ही बातमी त्यांच्या बीजीपीतून बाहेर, हाँगकाँगच्या पीसीसीडब्ल्यू या अपस्ट्रीमकडे गेली. त्यांनी फिल्टर न लावता ती पुढे सांगितली. आता राउटरचा एक नियम आठवा: दोन नोंदी जुळत असतील तर अधिक नेमकी नोंद जिंकते. पाकिटावर एक चिठ्ठी 'पुणे' म्हणते आणि दुसरी 'पुणे, सदाशिव पेठ' म्हणते, तर पोस्टमन दुसरीकडेच जाणार. /२४ ही /२२ पेक्षा नेमकी, म्हणून जगातल्या राउटरांनी यूट्यूबची पॅकेटं पाकिस्तानकडे पाठवायला सुरुवात केली. सुमारे ऐंशी मिनिटांनी यूट्यूबनं स्वतःही /२४ जाहीर केला, मग आणखी नेमके दोन /२५. शेवटी पीसीसीडब्ल्यूनं ती चुकीची वाट तोडली तेव्हा सव्वादोन तास होऊन गेले होते. या सगळ्यात कुठलाही राउटर बिघडलेला नव्हता. प्रत्येकानं प्रोटोकॉल अक्षरशः पाळला होता.

अशा खोट्या बातमीवरचा आजचा उपाय म्हणजे आरपीकेआय. पत्त्यांचा मालक सही करून नोंद ठेवतो की हा गट फक्त अमुक एएसनं जाहीर करावा आणि जास्तीत जास्त इतका बारीक. राउटर आलेली बातमी त्या नोंदीशी ताडून बघतो, जुळली नाही तर टाकून देतो. २००८ ची ती बातमी अशी तपासली गेली असती तर ती पहिल्याच फाट्यावर थांबली असती. पण नीट समजून घ्या, ही तपासणी उगमाची आहे, मधल्या माळेची नाही. मी केलेल्या चुकीत उगम खराच होता, वाट चुकीची होती. ती आरपीकेआयनं पकडली नसती. म्हणून फिल्टरला पर्याय नाही, आणि तुम्ही उद्या कुठल्या छोट्या सेवा कंपनीत लागलात तर पहिल्याच महिन्यात विचारा, आपल्या पत्त्यांची नोंद केली आहे का? अनेक ठिकाणी उत्तर 'नाही' असतं आणि ते काम अर्ध्या दिवसाचं असतं.

४ ऑक्टोबर २०२१ ची फेसबुकची घटना तुम्हाला आठवत असेल, व्हॉट्सअ‍ॅपसकट सगळं सुमारे सहा तास बंद होतं. देखभालीच्या कामात दिलेल्या एका कमांडनं त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं आतलं जाळं तुटलं. त्यांच्या डीएनएस सर्व्हरांना, म्हणजे साइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणाऱ्या यंत्रांना, शिकवलेलं होतं की डेटा सेंटरशी बोलता आलं नाही तर आपणच नादुरुस्त आहोत असं समजायचं आणि आपली बीजीपी जाहिरात मागे घ्यायची. एक सर्व्हर बिघडला असता तर हा शहाणपणा होता. सगळ्यांनी एकाच वेळी तेच केलं आणि फेसबुकचे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले. इंजिनिअरांची दूरून आत शिरायची साधनंही त्याच जाळ्यावर आणि त्याच डीएनएसवर होती, म्हणून माणसांना प्रत्यक्ष डेटा सेंटरमध्ये जावं लागलं. माझ्या ३४ एमबीच्या लिंकवर जे झालं तेच, फक्त आकार मोठा. निरोप नेणारी तार आणि माल नेणारी तार एकच असेल, तर मालाची वाट अडल्यावर निरोपही अडतो. म्हणून मी प्रत्येक मोठ्या ठिकाणी दुसऱ्या कंपनीच्या लिंकवर, स्वतंत्र, कन्सोलपर्यंत पोचणारी एक वाट मागतो. बजेटच्या बैठकीत ती पहिल्यांदा कापली जाते, आणि मी ती दरवेळी भांडून परत घालतो.

शेवटी, यादी पाठ आहे म्हणालात तर आता ती हातानं करून बघा. लॅपटॉपवर तीन लिनक्स व्हर्च्युअल मशीन घ्या, त्यात एफआरआर हे मोफत राउटिंग सॉफ्टवेअर टाका, तिघांना त्रिकोणात जोडा आणि ओएसपीएफ चालू करा. मधे वायरशार्क, म्हणजे जाणारी-येणारी पॅकेटं दाखवणारं अवजार, लावून ठेवा. हॅलो दिसायला लागले की एका लिंकच्या एकाच बाजूचा एमटीयू १४०० करा, त्याच बाजूचं ओएसपीएफ पुन्हा सुरू करा आणि शेजारी कुठल्या अवस्थेत अडकतो ते बघा. मग एमटीयू पूर्ववत करून, एका दिशेनं फायरवॉलचा नियम घालून फक्त हॅलो अडवा. लिंक वर आहे, केबल जागेवर आहे, पण सेकंद मोजत बसा. चाळिसाव्या सेकंदाच्या आसपास वायरशार्कमध्ये बदललेल्या जाहिराती धावताना दिसतील आणि तिसऱ्या मशीनमार्फत जाणारी वाट तक्त्यात येईल. त्या चाळीस सेकंदांत पिंग चालू ठेवा आणि तो जातो की नाही ते लिहून ठेवा. लिंक तर शाबूत आहे, मग तो का जातो, आणि नियमानं हॅलोसोबत पिंगही अडवला असता तर किती पॅकेटं हरवली असती, याचं उत्तर स्वतः काढा. ते जमलं की बीजीपीच्या लॅबबद्दल विचारा, तिची फाइल मी तयार ठेवली आहे.